वांद्र्याच्या पाखाड्यांत शिरताना

प्रश्न नाशिकहून आलाय. दोन दिवस मुंबईत मुक्काम, सोबत ६८ वर्षांची आई. रीलमध्ये वांद्र्याच्या रंगवलेल्या भिंती, लाकडी जिन्यांची घरं आणि गिटार वाजवत बसलेली मुलं बघितलीत. "हा बोहेमियन भाग एका सकाळीत कसा बघायचा? आईला त्यात काही मिळेल का? आणि लोकांच्या घरांचे फोटो काढले तर चालतात का?"

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते. आईंना तुमच्यापेक्षा जास्त सापडेल. गेली चौदा वर्षं मी लोकांना या गल्ल्यांतून पायी फिरवते आहे. भिंतींवरची चित्रं बघायला आलेली पोरं तासाभरात कॅफे शोधायला लागतात. "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत आलेल्या आया-मावश्या मात्र कुणाच्या तरी ओट्यावर टेकतात आणि मसाल्याचं प्रमाण विचारून घेतात. कारण रीलमध्ये दिसतं ते वांद्रं वरवरचं आहे. खालचं वांद्रं गाव आहे. एक नाही, अनेक गावं.

जुन्या वांद्र्यात चोवीस पाखाड्या होत्या असं सांगतात. कोकणात पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, इथे पाखाडी म्हणजे वस्ती. रनवार, शेर्ली, राजन, माला, वारोडा, पाली, चिंबई. यातली बरीच नावं आज रस्त्यांच्या पाट्यांवर उरलीत: शेर्ली राजन रोड, पाली माला रोड, वारोडा रोड. रिक्षावाला ही नावं दिवसातून पन्नास वेळा घेतो, पण शेर्ली आणि राजन ही दोन गावं होती हे त्याला ठाऊक नसतं. बऱ्याच रहिवाशांनाही नसतं.

इथली माणसं इतकी वेगवेगळी कशी, याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो आपल्याला शाळेत अर्धवट शिकवतात. मुंबई बेट सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी इंग्रजांना दिलं, पण वांद्रे त्या बेटावर नव्हतं. ते खाडीपलीकडे, साष्टी बेटावर. तिथे पोर्तुगीज राहिले. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. म्हणजे माहीमला एक राज्य आणि समोर वांद्र्याला दुसरं, असं शंभराहून जास्त वर्षं चाललं. मधे फक्त खाडी, आणि ती ओलांडायला होडी. १८४० च्या दशकात लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले, त्यातून माहीमचा कॉजवे झाला. वापरणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. (वरळी सी-लिंकच्या टोलनाक्यावर उभी असते तेव्हा मला दर वेळी ही बाई आठवते.)

पोर्तुगीजांच्या काळात जे स्थानिक कोळी, कुणबी, भंडारी ख्रिस्ती झाले, तेच इथले मूळ गावकरी. त्यांना 'ईस्ट इंडियन' म्हणतात आणि या नावानं आपल्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. ही माणसं पूर्व भारतातली नाहीत, इथलीच आहेत. कंपनीच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गोव्या-मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांशी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आपण वेगळे, आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासूनचे, हे ठसवण्यासाठी त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. त्यांची मूळ बोली मराठीच, आगरी-कोळीच्या जवळची. वांद्र्यातल्या घरांत आता इंग्रजी जास्त ऐकू येते, पण एखाद्या म्हाताऱ्या आंटीशी आईंनी सरळ मराठीत बोलायला सुरुवात केली की बघा काय होतं ते. मी किती वेळा पाहिलंय. आधी इंग्रजी, मग तुटक हिंदी, आणि पाचव्या मिनिटाला "कवा आयलीस गो?"

आता वाट. रविवारी सकाळी सातला वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. दादरला मुक्काम असेल तर धीमी लोकल, तिसरं स्टेशन. स्टेशनची जुनी इमारत बाहेर येऊन, मागे वळून बघा. उतरत्या छपरांची आहे, वारसा यादीत आहे, आणि गर्दीत तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. तिथून तलाव जवळ. पाटीवर स्वामी विवेकानंद सरोवर, बोलण्यात वांद्रा तलाव. बांधला एका श्रीमंत कोकणी मुसलमानानं, आणि काठावर देऊळ जरीमरीचं. स्टेशनच्या बाजूला जामा मशीद, पुढे हिल रोडवर पारशांची टाटा अग्यारी, त्याच रस्त्यावर सेंट पीटर्स चर्च. हे सगळं साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत येतं. यावर भाषण मी देत नाही, तुम्हीही आईंना देऊ नका. चालताना दिसतंच.

हिल रोड दिवसा कपड्यांच्या स्टॉल्सनी भरलेला असतो, म्हणून सकाळ. सातच्या सुमाराला तिथे फक्त पाववाले, चर्चला निघालेली माणसं आणि झोपलेली कुत्री. हिल रोडवरून आत रनवारमध्ये शिरा: वेरोनिका स्ट्रीट, वारोडा रोड. इथे पावलं हळू पडायला हवीत. घरं बैठी किंवा एक मजली, मंगलोरी कौलांची. वर जायचा लाकडी जिना घराबाहेरून. तो का, हे विचारलंत तर सांगते: वरचा मजला भाड्यानं देता येतो आणि भाडेकरूला खालच्या घरातून जावं लागत नाही.

तुमच्या 'बोहेमियन' शब्दाचं मूळ मला या जिन्यात दिसतं. मुंबईत एकट्या माणसाला, त्यातून एकट्या बाईला, घर मिळणं आजही कठीण. धंदा विचारतात, जात विचारतात, मटण खाता का विचारतात. इथल्या विधवा आंटींनी आणि निवृत्त अंकलनी वरची खोली किंवा मागची खोली 'पेइंग गेस्ट'ला दिली, आणि फार चौकशा केल्या नाहीत. रात्री उशिरा येणारा वादक, काम शोधणारी नटी, जाहिरातीत लिहिणारा पोरगा, एअरलाइनमधली मुलगी, सगळ्यांना इथे छप्पर मिळालं. गोव्याहून आलेले वादक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये हिल रोडला स्टुडिओ काढला, त्यामुळे कामाची जागाही पायी जाण्याइतकी जवळ. फाळणीनंतर सिंधी आले, ते खार-वांद्र्याच्या बाजूला वसले. कॅफे फार नंतरचे. कलावंत आले म्हणून वांद्रं मोकळं झालं असं लोक समजतात. माझ्या मते आधी मोकळी होती ती आंटीची भाड्याची अट. रात्री दहानंतर गोंगाट नको, एवढीच.

आणि ही व्यवस्था आता सुटत चालली आहे, हेही खरं. गावठाणातली बैठी घरं पडतात, त्यांच्या जागी चिंचोळ्या इमारती येतात. वरची खोली घेणारा गिटारवाला मालाडला गेला, खाली त्याच्या नावानं सजवलेला कॅफे आला. तिथे कॉफी बरी मिळते. मी जाते अधूनमधून, आणि दर वेळी थोडं वाईट वाटतं.

फोटोंचा प्रश्न. पहिल्याच वर्षी मला धडा मिळाला. मी बावीस जणांचा घोळका घेऊन रनवारमधल्या एका चिंचोळ्या बोळात उभी होते, हात उंचावून कौलांबद्दल सांगत होते, आणि सगळ्यांचे मोबाईल एका निळ्या दारावर. वरच्या खिडकीतून एक आजी डोकावल्या. दोन मिनिटं शांतपणे बघत राहिल्या आणि मग मराठीतच म्हणाल्या, "कोण मेलं का गं आमच्या घरात? एवढी माणसं कशाला जमवलीस?" घोळक्यातले निम्मे हसले. मला हसू आलं नाही. त्या दारासमोर एवढी गर्दी फक्त मयताच्या दिवशीच होत असणार. तेव्हापासून मी एका वेळी सहाहून जास्त माणसं नेत नाही आणि कुणाच्या दारासमोर बोलत नाही. जे सांगायचं ते नाक्यावर सांगते, मग गप्प राहून आत जातो.

तुम्ही दोघंच आहात, तेव्हा सोपं आहे. गल्लीचा फोटो काढा, उघड्या दाराचा नको. खिडकीत कोणी असेल तर मान हलवून विचारा. बहुतेक "हो" म्हणतात, काही जण केस नीट करून उभे राहतात. वाळत घातलेले कपडे 'रंगीत' दिसतात म्हणून टिपणारे लोक मला कळत नाहीत. तुमच्या गच्चीवरचे तुमचे टॉवेल कोणी टिपले तर?

गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतील, पांढरे किंवा निळे रंगवलेले, हार घातलेले. वांद्र्यात असे पुष्कळ आहेत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यानंतरच्या काळात त्यातले कितीतरी उभे राहिले. आपल्या वस्तीवरून साथ टळावी, किंवा टळली म्हणून. चौथऱ्यावर कोरलेलं साल वाचत चला, आईंना मोजायला सांगा. मे महिन्यात संध्याकाळी यातल्या काही क्रुसांपाशी गल्लीतली माणसं जमून प्रार्थना म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. आपल्याकडे आरतीनंतर वाटतात तसेच. त्या वेळी तिथून जात असलात तर तुमच्याही हातावर पडतील.

रनवारहून चॅपल रोड पायी काही मिनिटं. रीलमधल्या बहुतेक भिंती इथल्या. रणजित दहिया यांनी २०१२ च्या सुमाराला हिंदी सिनेमाची चित्रं भिंतींवर रंगवायला सुरुवात केली. 'अनारकली'ची भिंत इथलीच. पुढे देशोदेशीचे चित्रकार आले. पण चित्रं कायमची नसतात. पावसाळ्यात पोपडे निघतात, कधी भिंतच पडते, कधी वरून दुसरं चित्र येतं. रीलमधलं चित्र सापडलं नाही तर हिरमुसू नका. तुमच्यासाठी एक खास: वांद्रे रेक्लमेशनला (समुद्रात भराव घालून केलेला भाग) टेलिफोन खात्याच्या इमारतीवर २०१४ साली याच चित्रकारानं दादासाहेब फाळक्यांचं मजल्यांच्या उंचीचं चित्र काढलं. फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले. त्याची आजची हालत काहीही असो, नाशिकच्या माणसानं तिकडून जाताना मान वर करून बघायलाच हवं.

एवढं चालून आईंचे पाय बोलायला लागतील. हिल रोडवर होली फॅमिली हॉस्पिटलला लागून एक जुनी बेकरी आहे, हर्श. बसायला धड जागा नाही, उभ्यानं खायचं. चिकन पफ आणि गरम बन लवकर संपतात. आई शाकाहारी असतील तर काउंटरवर आधीच विचारा, बाहेरून सगळे पफ सारखेच दिसतात. माझ्या एका पाहुण्या काकूंनी पहिला घास घेतला आणि मग विचारलं. तो दिवस नेमका चतुर्थीचा होता.

तिथून पुढे सेंट अँड्र्यूज चर्च. पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं. आत मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असेल तर मागे बसा किंवा बाहेर थांबा, मधून फिरू नका. आवारात एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस आहे. त्याच्या अगदी जवळ जा. येशूच्या यातनांशी जोडलेल्या वस्तू त्यावर बारीक कोरल्यात: शिडी, खिळे, हातोडा, कोंबडा. ज्यांना ख्रिस्ती कथा ठाऊक नाही त्यांनाही ओळखता येतात, कारण सगळी रोजची अवजारं आहेत.

चर्चच्या मागे उतरलात की चिंबई, कोळीवाडा. इथे वास येणार. येऊ द्या. ऑक्टोबरनंतर ऊन पडलं की बोंबील दोऱ्यांवर लटकतात, जबड्यात जबडा अडकवून. हात लावू नका. कोळणी बोलतील आणि ऐकण्यासारखं बोलतील. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या दिसतात आणि कोळी जाळी विणत बसलेले असतात. मला विचाराल तर चिंबई बघायला तेच दिवस बरे, कारण माणसांना बोलायला वेळ असतो. फक्त पाय घसरतात, आईंचा हात धरा.

माउंट मेरीचं चर्च टेकडीवर आहे. बँडस्टँडकडून पायऱ्यांनी चढता येतं, पण तुम्ही रिक्षा करा. आजची इमारत १९०४ ची, शापूरजी चंदाभॉय यांनी आखलेली. म्हणजे माउलीचं घर पारशानं बांधलं. कोळी तिला मोत माउली म्हणतात. बाहेरच्या दुकानांत मेणाच्या वस्तू टांगलेल्या असतात: पाय, हात, काळीज, बाळ, घर, विमान. ज्याचा नवस ती वस्तू. पायाचं दुखणं असेल तर पाय, परदेशाचा व्हिसा अडला असेल तर विमान. आईंनी काय घेतलं ते बघू नका. इथे वाहणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते, आठ दिवस चालते. जत्रेत जायचं असेल तर मधल्या वारी सकाळी. रविवारी जाऊन चेंगरून घेऊ नका. अशा गर्दीत एकदा माझी चप्पल गेली आणि तासाभरानं तिथेच एका स्टॉलवर दुसऱ्या कुणाची तरी विकत घेऊन मी घरी आले.

वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला, वेळ असेल तर. १६४० चा, जहाजांना गोडं पाणी मिळायची ही जागा, म्हणून नाव आगवाद. मराठे वसईपर्यंत आले तेव्हा तो त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्यातला बराच भाग पाडून टाकला. उरलंय ते थोडं, पण सी-लिंक तिथून छान दिसतो.

आता असा भाग, जो पर्यटकांच्या एकाही यादीत नसतो. रुळांच्या पलीकडे, वांद्रे पूर्वेला, कलानगर आणि साहित्य सहवास आहे. एक चित्रकारांची वसाहत, दुसरी मराठी लेखकांची. विंदा करंदीकर साहित्य सहवासात राहत. प्राध्यापक-कवी रमेश तेंडुलकरही, ज्यांचा धाकटा मुलगा तिथल्या अंगणात बॅट घेऊन पळायचा आणि पुढे सगळ्या जगाला माहीत झाला. 'कलावंतांचं वांद्रं' म्हटलं की पश्चिमेच्या गल्ल्याच डोळ्यांसमोर येतात, याचा मला एक मराठी माणूस म्हणून थोडा रागच आहे. सहकारी सोसायटी करून, हप्ते भरून, पायजमा-सदऱ्यात बसून कविता लिहिणारे हेही कलावंतच होते, फक्त त्यांच्या भिंती रंगीत नव्हत्या. ही खासगी वसाहत आहे, आत शिरून फोटो काढायचा नाही. पण आईंना विंदा पाठ असतील तर बाहेरच्या रस्त्यानं एक चक्कर मारा. आणि रात्रीचं नाटक बघायचं असेल तर रेक्लमेशनला रंगशारदा आहे, तिथला प्रयोग आधी तपासा.

दोन किरकोळ गोष्टी. रिक्षा वांद्र्यापर्यंतच चालतात. माहीमकडे जायचं तर टॅक्सी किंवा लोकल, रिक्षावाल्याशी वाद घालून उपयोग नाही. आणि दुपारी बारा ते चार या गल्ल्यांत काहीच घडत नाही. गावच ते, वामकुक्षी घेतं. त्या वेळात लकी रेस्टॉरंटमध्ये बसून बिर्याणी खा.

मसाल्याचं राहिलंच. ईस्ट इंडियन घरांतला 'बॉटल मसाला' एप्रिल-मेच्या उन्हात होतो. वीसहून जास्त जिन्नस वाळवून, वेगवेगळे भाजून कुटायचे आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीनं ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. पूर्वी कुटणाऱ्या बायका उखळ-मुसळ घेऊन घरोघर यायच्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते पूर्ण कोणी सांगत नाही. एक जिन्नस मुद्दाम गाळतात. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे नाशिकला जाऊन चव जमली नाही तर स्वतःला दोष देणार नाहीत. त्यापेक्षा भरलेली बाटलीच विकत घ्या. गावठाणातल्या काही घरांतून मिळते, बेकरीत किंवा चर्चबाहेर विचारलं की कोणीतरी दार दाखवतं. परतीच्या गाडीत बाटली उभी ठेवा, बूच वर. मी एकदा आडवी ठेवली होती. त्या बॅगेतली साडी चार धुण्यांनंतरही जेवणाच्या वेळी आठवण करून देते.